ढग आला की थांबणारा किडा

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर भडकलोय. निमित्त एका कागदाचं. शिरूरला माझ्या शेडमध्ये हौशी लोकांच्या छोट्या रोबोंसाठी सोलरवरची सर्किटं बनतात. त्यांच्या डब्यात घालायच्या पत्रकात 'हे काम कुणाकडून शिकलो' एवढी एक ओळ हवी, असं बायकोचं म्हणणं. "चाचांचं नाव घाला की," म्हणाली. मी म्हणालो, "त्यांनी शिकवलंय व्हय मला? सहा वर्षं त्यांची पाठ तेवढी बघितली मी!"

खोटं बोललो का? न्हावऱ्याहून एसटीनं दौंडला तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात यायचो. नाजूक काम आलं की तुम्ही स्टूल फिरवून पाठमोरे बसायचात. दिसायचं काही नाही, म्हणून मी कान लावले. जेवायच्या आधी तुम्ही वीज साठवणारे जुने कपॅसिटर चार्ज करून रांगेनं मांडायचात, जेवून यायचात, आणि मग पाठीआडून पेचकसाचा आवाज यायचा. टक्. टक्. मध्येच एखादा गप्प, तो कचऱ्यात. "चाचा, काय करताय?" "जेवान जिरवतोय. तू वायरी सोल." वर गिऱ्हाइकाला सांगायचं, "ह्याचं कान पुढं पळत्यात, अक्कल मागच्या एसटीनं येती." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो.

माझं सर्किट साधं आहे. काडेपेटीएवढं पॅनेल कपॅसिटरमध्ये थोडी थोडी वीज साठवतं. पुरेशी साठली की ट्रिगर ती एकदम सोडतो, मोटर झटका घेते आणि तारेच्या पायांचा किडा एक पाऊल टाकतो. उन्हात झकास चालायचा. पण वरवंडचे एक मास्तर शाळेसाठी नेलेले सगळे किडे परत घेऊन आले. "दादा, ढग आला का मरत्यात की हे!" दोन वर्षं मी ट्रिगर बदलत बसलो. परवा टेबल आवरताना, सकाळी चार्ज करून ठेवलेल्या एका कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना पेचकस चुकून लागला. बारीक टक्. शेजारच्या, तेव्हाच चार्ज केलेल्याला मुद्दाम लावला, तर गप्प. त्यातली वीज आपोआप गळून गेली होती. गळके कपॅसिटर निवडून काढत होता तुम्ही! ढगाळ उजेडात जेवढी वीज येते तेवढी हा गळका वाया घालवतो. ट्रिगर उडायची वेळच येत नाही.

"गळती बघतोय." दोन शब्द, चाचा. काय झिजलं असतं तुमचं? कुणासाठी राखून ठेवलं होतं हे? रेडिओ गेले, दुकान गेलं, तुम्हीही गेलात, आणि मी पन्नाशीला आल्यावर हे मला एका पेचकसानं सांगावं?

पत्रक आज सकाळी छापायला गेलं. 'कुणाकडून नाही, स्वतःच शिकलो,' असं लिहिलंय. रागात लिहिलं, असं बायकोला सांगितलं. ते काही खरं नाही. तुमचं नाव घातलं असतं तर लोक म्हणाले असते, डोकं चाचांचं, याचा नुसता हात. ते मला सोसलं नसतं, एवढंच.