पिंपातला धूर

घाटकोपर, रविवार

ती. कमलताईस मधुकरचा साष्टांग (गुडघ्यांमुळे सध्या अष्टांगांपैकी सहाच) नमस्कार. मोतीबिंदू काढल्याला महिना झाला, आता नीट दिसतं ना? तरी अक्षर मोठं काढतोय. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीने, उत्तराने, का कोण जाणे, डबाभर आलेपाक केलाय. खोकला तर घरात कुणालाच नाही.

पत्रास कारण आमची दिशा. समुद्रात सांडलेल्या तेलाचा अभ्यास करायला चाळीस दिवस बोटीवर जाते म्हणाली. मी म्हटलं, तेल पाण्यावर तरंगतं हे आपली आई आमटीकडे बघून सांगायची, त्याला बोट कशाला? (खरं सांगू, मला भीती वाटली.) तर म्हणे, बाबा, ते वर सांडलेलं, हजार-दीड हजार मीटर खाली तेलविहीर फुटली तर? मी पैज मारली: आपल्या पिंपात दाखव, तेल खाली राहिलं तर खुशाल जा.

काल उत्तरा भजनी मंडळाला गेली. दिशाने पिंपाच्या तळाशी बारीक नळी सोडून पिचकारीने तेल जोरात मारलं. मोठे थेंब टुणकन वर आले, मी टाळी वाजवली. मग तिने टॉर्च लावला. ताई, पाण्यात धूर! दिसतील न दिसतील एवढे थेंब मध्येच लोंबकळत राहिलेले. (तेलात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब होते, ही फसवणूक, पण समुद्रातही तेल फोडायला असंच औषध मारतात म्हणे.) तिथे हे थेंब महिनोनमहिने वर येत नाहीत. खोलातल्या प्रवाहाबरोबर आडवे कोसच्या कोस जातात, काही जिवाणू खातात, काही गाळाला चिकटून तळ गाठतात. वरून बघणाऱ्याला पत्ता नाही. मी पळीने हलकेच ढवळलं, तर धूर खरंच एका अंगाला वळला. चहा विसरून तासभर पिंपात डोकं घालून बसलो होतो.

उत्तराने आल्या आल्या तेच पाणी तोंडावर मारलं. चेहरा तुळतुळीत, नजर जळजळीत. मी दोष पाइपलाइनवर ढकलला.

तुझा,
मधू

ता. क. पैज हरलोय. बोट शुक्रवारी सुटते. उत्तराला यातलं काही ठाऊक नाही. तिची समजूत तू घाल, तुझं ऐकते.

ता. क. २. उत्तराने पत्र वाचलं. तिला महिन्यापासून ठाऊक आहे. आलेपाक बोट लागू नये म्हणून. भजनी मंडळ गुरुवारी असतं आणि काल शनिवार होता, हे मला आत्ता आठवलं. समजूत माझीच घालायची राहिली होती. (पिंपाचं मात्र ठरलं नव्हतं म्हणते. ते मी घासतोय.)

ता. क. ३. हे पाकीट बंद करता करता. फोन नको, तूच राहायला ये. शुक्रवारपासून रोज संध्याकाळी सातला, दिशाच्या घरी यायच्या वेळी, मी दाराकडे बघत बसणार, आणि उत्तराला ते दिसणार.