शालीचा समुद्र

प्रणिता,

वरण-भात झाकून ठेवला आहे. मी आर्णीला कीर्तनाला जाऊन राह्यले.

सकाळी तुझ्या बालवाडीत गेलते. लेकरांनी समुद्र झकास केला, कापसाचा फेस, तुरीच्या डाळीचे मासे. त्यातल्या खुशीनं हात धरून मले दाखवला. खाली पाणी म्हणून माझी निळी शाल चिकटवलेली, सप्त्यात बुवांनी मले पांघरवलेली! आठ दिवस तू माझ्यासंगं पेटी उपसून तीच शोधत होतीस, अन् वरून म्हणे, "आई, तुम्हीच कुठं विसरल्या असान."

मासे उपटू नको, लेकरं रडतील. पण बुवा आज शालीचं विचारतीलच. त्यांच्यापुढं माझ्यानं खोटं बोलवत नाही, अन् घरच्या सुनेचं नावही घेववत नाही. साडेपाचच्या बसनं ये, अन् तूच सांग.

— आई