आईचा कठडा

भांडुप, ९ मार्च १९८४

प्रिय मार्थाताई,

येशू तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. आई बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. भाऊजींचा खोकला कसा आहे?

इथल्या चर्चमध्ये वेदीपुढचा, गुडघे टेकायचा कठडा काढून टाकला. ख्रिस्तप्रसाद आता उभ्यानंच घ्यायचा. आई मात्र जुन्या जागी गुडघे टेकते. उठताना तिचा हात कठडा शोधत राहतो. मागं रांग खोळंबते. फादरनी किती समजावलं! मी उचलायला गेलो तर मलाच ढकलते.

काल म्हणाली, "शांतवन, मला गावी सोड. तिथं आपला कठडा आहे." पिशवीसुद्धा भरून ठेवलीय.

ताई, गावचाही काढला, हे तू नाताळातच कळवलंस. तिला कसं सांगू गं?

तुझा,
शांतवन