शेवटच्या टोकाला आधी

३ मार्च
लाईट बिल भरलं. पाण्याची टाकी धुतली. दुपारी धाकट्या भावाकडे, प्रभाकरकडे जेवलो. त्याच्या मुलीचं, किरणचं लग्न ठरलं. २४ एप्रिल, इथंच आमगावला. वाढता वाढता त्याची बायको लता थांबली. "मंगलाष्टकं कोण लिहील आता?" घरातल्या एकतीस लग्नांची माझ्या बायकोनं, सुमननं लिहिली, म्हटलीही तिनंच. ती गेल्यानंतरचं हे पहिलं लग्न. सगळे ताटात पाहू लागले. प्रभाकर म्हणाला, मोबाईलवर लावू. माझ्या तोंडून निघालं, मी लिहितो.
"तू? तू तं आपल्या लग्नात बी तोंड उघडलं नाही."
खरं आहे. माझा उखाणासुद्धा सुमननंच कानात सांगितला होता.

५ मार्च
सुमनच्या कपाटातून तिच्या लेखिकाबाईंची पुस्तकं काढली. चौदा. ती मोठ्यानं वाचायची, मी हो हो म्हणत पेंगायचो. बाईंचं पहिलं पुस्तक चौसष्टाव्या वर्षी आलं. ते वाचून सुमन बावन्नाव्या वर्षी माईकपुढे उभी राहिली. त्याआधी हळदीकुंकवाला नाव घ्यायलाही लाजायची.
आज पहिल्यांदा स्वतः वाचलं. बाईंचं म्हणणं, म्हातारपणी धीट होणं सोपं, कारण हसणारे बरेचसे आधीच गेलेले असतात. हसलो. मग पुस्तक मिटलं. मला हसणारी एकच होती.

९ मार्च
पहिलं कडवं किरणला दाखवलं.
"मोठे बाबा, हे तं कालव्याले पाणी सोडाच्या नोटिशीवानी वाटून राहिलं."
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यावर गेली. नोटिशीशिवाय काही लिहिलेलं नाही. 'संबंधितांनी नोंद घ्यावी' एवढं खोडलं.

१६ मार्च
किरणनं चाल समजावली. एका ओळीत एकोणीस अक्षरं. रजिस्टरात एकोणीस रकाने आखले. आज एक बसली:
आले पाहुण रांगरांग बसले, कुर्यात् सदा मंगलम्.
'पाहुणे'ची मात्रा चालीसाठी कापली. दोनदा म्हटली. कुकर कितीदा वाजला, लक्षात नाही. भात खाली लागला.

२८ मार्च
तांदूळ आणायला चोरखमाऱ्याला. तिथं माझ्या नोकरीतला जुना कालवा. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून बांधावर उभा राहून मोठ्यानं म्हटलं. दोन म्हशी उठून गेल्या. तेवढ्यात एक ओळखीचा शेतकरी फावडं घेऊन पळत आला.
"साहेब, पाणी सोडून राहिले का?"
"नाही. गाणं म्हणून राहिलो."
"काऊन? तब्येत बरी हाय ना?"

६ एप्रिल
आठही कडवी झाली. नावं टाकली. क्रम कसा लावायचा, विचार केला. आमच्या खात्याचा नियम चांगला: पाणी आधी शेवटच्या टोकाला, मग वरच्यांना. उलट केलं की टोकाचा कोरडा. लग्नातही शेवटच्या नावांपर्यंत कोणी ऐकत नाही, अक्षता संपलेल्या असतात, बँडवाले तयार. म्हणून लांबचे आधी. सालेकशाची म्हातारी आत्या पहिली. तिचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. वधूचा मामा सातव्या कडव्यात. आठवं सुमनचं. एकतीस लग्नांत तिनं स्वतःचं नाव एकदाही घातलं नाही.

१२ एप्रिल
लताचा भाऊ हेमराज फुलचूरहून आला. धानाचा व्यापारी. किरणनं कौतुकानं रजिस्टर दाखवलं.
"भाऊसाहेब, मामाचं नाव सातव्यात? पहला हक मामा का होता है! मी काय वरातीच्या गाडीचा क्लिनर आहो?"
कालव्याचा नियम सांगितला.
"म्हणजे मी वरचा शेतकरी?"
"अगदी गेटाजवळचा."
जरा खूश झाला. मग आठवं वाचलं. रजिस्टर लताकडे दिलं. तिनं वाचलं.
"भाऊजी, मांडवात गेलेल्या माणसाचं नाव? वराकडचे काय म्हणतील? सात म्हणा. हे नको."
मी रजिस्टर मिटून काखेत घातलं. प्रभाकर म्हणाला, "पाय, झाला सुरू याचा मौनव्रत."

१५ एप्रिल
बाईंनी घरातल्यांवर लिहिलं तेव्हा नातेवाईक दोन वर्षं फिरकले नाहीत. त्या शांततेत आपली दोन पुस्तकं झाली, असं त्या लिहितात. समासात सुमनच्या अक्षरात: बापरे.
आठवं कडवं बदलायला बसलो. सुमनच्या जागी 'सर्वांचे' बसतं का पाहिलं. अक्षरं बसतात, तरी 'सर्वांचे'च खोडलं.

१९ एप्रिल
लतानं भटजींना विचारलं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही पाहा. किरण म्हणाली, "मोठ्या आईचं राहू द्या ना." लता तिला रागावली, मग आत जाऊन रडली. सुमननं दिलेली शेवटची साडी तिच्याकडे आहे. प्रभाकरनं मोबाईलवर तयार मंगलाष्टकं उतरवून ठेवली आहेत. "इमर्जन्सीसाठी," म्हणाला.

२३ एप्रिल
हळद झाली. गर्दीत लता जवळ आली. "भाऊजी, ते आठवं..." तेवढ्यात वराकडचे आले, तिला हाक आली. नंतर भेट नाही.
घरी येऊन कागदावर उतरवलं. सात एका कागदावर, आठवं वेगळ्या. दोन्ही कुर्त्याच्या खिशात. उद्या दुसरा कागद बाहेर निघेल का, कोण जाणे.
कुर्त्याचं वरचं बटण लोंबत होतं. सुई सापडली. दोरा चौथ्या वेळी ओवला. बटण लावलं, गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला.