रिकामी हार्ड डिस्क

मार्गशीर्ष, गुरुवार, २००६

आज टावर चौकातून आणलं: लॅपटॉपला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, चार हजार दोनशे. लॅपटॉप भरला म्हणून मुकुंदा आपल्या आजोबांची कीर्तनं पुसायला निघाला होता. मामंजींचा आवाज तेवढाच तर उरलाय.

मोठी घ्यावी की लहान? दुकानदार म्हणाला, "माताजी, छोटी में भी सैकड़ों कीर्तन आ जाएँगे." मग लहानच घेतली. आत काय आहे विचारलं, तर म्हणे, "खाली है." रिकामं भांडं कुणी घरी नेतं का? मी अडूनच बसले. हसत हसत त्याने एक आरती भरून दिली. एवढ्याशा डबीत ती बसते तरी कुठे?

कीर्तनं उतरली. अभंगाआधीचा मामंजींचा खोकलासुद्धा.

नागपूरला वन्संना कार्ड लिहिलं: बाबांच्या आणखी कॅसेटी असतील तर उलट टपाली कळवा, जागा पुष्कळ आहे.