मागच्या सीटवरचं गाणं

मॅडम,

तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला मराठीखेरीज दुसऱ्या कशात मनातलं लिहिता येत नाही, तेव्हा हे असंच चालायचं. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी अजून कतारमध्येच आहे. आता कंपनीची बस चालवतो. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवरून सकाळी माणसं साइटवर न्यायची, संध्याकाळी परत आणायची. मागं निम्मे झोपलेले असतात, उरलेले मोबाइलवर आपापल्या मुलखातली गाणी लावून बसतात. परवा आफ्रिकेकडच्या एकानं फ्रेंच गाणं लावलं. मला फ्रेंच कळत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण फ्रेंच आहे एवढं बरोबर ओळखलं, आणि त्या नादात सिग्नल हिरवा झालेला मात्र दिसला नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. सुपरवायझर म्हणाला, काय रे, झोपलास का? आता त्याला काय कपाळ सांगणार? तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही.

दोह्यात मदिनत खलीफा भागातल्या तुमच्या व्हिलातलं ते किचन आठवतंय. साहेब गॅसच्या कंपनीत, आणि मी तुमच्या गाडीवर. सकाळी गाडी पुसून झाली की तुम्ही मला आत बोलवायचात आणि त्या कडू कॉफीचा मग पुढ्यात ठेवायचात. ड्रायव्हरला कुणी किचनमध्ये बसवतं का? शेजारच्या व्हिलातले ड्रायव्हर मला पिडायचे, तुझी मॅडम तुला दत्तक घेणार म्हणून. सुरुवातीला मी आपला सगळ्याला येस मॅडम, व्हेरी गुड मॅडम. पडदे कसे वाटतात? व्हेरी गुड. नवा रस्ता बरा आहे का? व्हेरी गुड. एक दिवस तुम्ही मला सूप दिलंत. त्यात मिठाचा कण नव्हता. मी म्हणालो, व्हेरी गुड. तुम्ही स्वतः एक चमचा तोंडात घातलात आणि चमचा खाली ठेवलात.

"तुला सगळंच चांगलं वाटतं, मग तुझ्या चांगल्याला किंमत काय?" तुम्ही म्हणालात. "जन्मभर माझ्याभोवती वाहवा करणारेच होते. तू तरी माझ्याशी खोटं बोलू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी म्हणालो, मॅडम, मीठ नाहीये. तुम्ही हसून मिठाची बाटली माझ्याकडे सरकवलीत. तिथून पुढं मी तुमच्याशी एक शब्द खोटा बोललो नाही, निदान त्या संध्याकाळपर्यंत तरी.

तुमची हकिकत मी त्या किचनमध्ये आणि गाडीच्या आरशात तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. आता ती सलग दिसते. तुम्ही वयात आलेली पोर आहात, हॉलंडमधल्या एका गावात वडिलांच्या बेकरीत गल्ल्यावर बसताय, रविवारी चर्चमध्ये गाताय. मग घरच्यांशी भांडून पॅरिसला जाताय. तिथला रेकॉर्ड काढणारा माणूस तुमचं मोडकंतोडकं फ्रेंच ऐकतो, तुमचा खरखरीत र ऐकतो, आणि म्हणतो, यातलं काहीही सुधारायचं नाही. रस्ता चुकलेल्या मुलीचं तुमचं गाणं बाहेर पडतं आणि अख्खा देश तुमच्यासारखा र काढत फिरतो. टीव्ही, चमचमते झगे, सह्या मागणारी गर्दी. फक्त बेकरीत ती रेकॉर्ड वाजत नाही. आपली भाषा काय गाण्याच्या लायकीची नव्हती का, एवढंच वडील विचारतात आणि फोन ठेवतात.

आणि मग ती गंमत. तुम्ही फ्रेंच माणसाशी लग्न केलंत, भाजीवाल्याशी फ्रेंचमध्ये घासाघीस केलीत, नवऱ्याशी फ्रेंचमध्ये कडाकडा भांडलात, आणि दहाएक वर्षांत तुमचा तो र घासून गुळगुळीत झाला. रेकॉर्डवाला हादरला. म्हणाला, लोक पैसे त्या र चे देतात, तो परत आण. मग तुम्ही मेकअपच्या खोलीत दार लावून स्वतःच्याच जुन्या चुकांचा रियाज करायला लागलात. हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की कॉफी सांडली. मीही हसलो. पुढं फॅशन बदलली, नवराही गेला, दुकानांच्या उद्घाटनाला गायचे दिवस आले. शेवटी तुमच्याच देशातले हे इंजिनियर साहेब भेटले आणि तुम्ही इथं वाळूत येऊन राहिलात.

दोह्याबाहेरच्या समैस्मा गावचं ते बोलावणं आलं तेव्हा तुम्ही सत्तरीला टेकला होतात. दोह्यातल्या फ्रेंच लोकांचा समुद्राकाठी कार्यक्रम होता, त्यांना तुमची जुनी गाणी हवी होती. तुम्ही एका अटीवर हो म्हणालात, की शेवटचं गाणं डचमध्ये गाणार. वडील पीठ मळताना गुणगुणायचे ते. ते तुम्ही लोकांसमोर कधीच गायला नव्हतात, आणि वडील ते तुमच्या तोंडून न ऐकताच गेले होते. "एकदा आपल्या भाषेत गायचं, मग खलास," तुम्ही म्हणालात. मग रोज मागच्या सीटवर तेच गाणं. मी एसी बारीक करायचो, काचा वर घ्यायचो. राउंडअबाउटला मुद्दाम एक फेरी जास्त मारायचो, कडवं मध्येच तुटू नये म्हणून. तुम्हाला ते कळत होतं का?

त्या शुक्रवारी सूर्य बुडायच्या वेळी तुम्ही गायला उभ्या राहिलात. आम्ही ड्रायव्हर लोक मागच्या दाराशी. जुनी गाणी तुम्ही त्या खोट्या र सकट गायलात आणि लोक खुर्च्या सोडून नाचले. मग ते डच. त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण गाडीत रोज ऐकून कुठं श्वास घ्यायचा ते मला पाठ होतं, आणि तुम्ही एकदाही चुकला नाहीत. माझे डोळे भरून आले. लाज कसली त्यात.

मी गाडीचं दार उघडून उभा होतो तेव्हा ती बाई पळत आली. हॉलंडची होती. तिनं तुमचे दोन्ही हात धरले आणि इंग्लिशमध्ये, म्हणून मलाही कळलं, ती म्हणाली, "किती गोड गायलात! फ्रेंच असून आमची भाषा केवढ्या मेहनतीनं शिकलात."

तुम्ही तिला थँक यू म्हणालात आणि गाडीत बसलात.

गाडी हायवेला लागली. आरशात बघायची माझी हिंमत होईना. मग तुम्हीच विचारलंत, ती बाई म्हणाली ते ऐकलंस ना? मी हो म्हणालो. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मग मी सांगितलं, मॅडम, गेल्या सुट्टीत माझंही असंच झालं. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर चहा मागितला, तर चहावाल्यानं मला हिंदीत विचारलं, भाईसाब, कहाँ से आए हो? माझ्याच तालुक्यात, मॅडम.

तुम्ही पुढं वाकून आरशात माझ्याकडे बघितलंत. मग हसायला लागलात, डोळे पुसत पुसत हसलात, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "म्हणजे आपण दोघं एकाच गावचे."

पुढं तुम्ही मला तुमची एक जुनी रेकॉर्ड दिलीत, कव्हरवर तरणाताठा फोटो असलेली. ती गावी नेली तर बायको म्हणाली, कोण ही भवानी? मी म्हणालो, मॅडम. तिचा अजून विश्वास नाही. ती रेकॉर्ड कपाटात साड्यांखाली आहे, वाजवायला मशीन नाही. साहेबांच्या ऑफिसातून तुम्ही गेल्याची बातमी कळली तेव्हा मी सुट्टीवर होतो. ती रेकॉर्ड कपाटातून काढून बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

आता खरं सांगतो, मॅडम. तो चहावाला मी रचला होता. तसं काही घडलं नव्हतं. तुमचं तोंड बघवेना, म्हणून आलं ते बोलून गेलो.

पण यंदाच्या सुट्टीत ते खरंच घडलं. तोच स्टँड. मी चांगलं मराठीत म्हणालो, एक चहा द्या, साखर कमी. चहावाला शेजारी उभ्या माणसाशी आमच्याकडच्या ठसक्यात बोलत होता. माझ्याकडे वळला आणि म्हणाला, भाईसाब, कहाँ से आए हो? मला वाटलं, मागं वळून बघावं, तुम्ही बसला असाल.

आणि मॅडम, मी त्याला उत्तरही हिंदीतच दिलं.