खाली राहणारा चेंडू

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी रहीमचाचांनी क्लबचं कोर्ट सारवलं. शेण, माती, थोडा भुसा. हिंगोलीत अजून असंच चालतं. वाळेपर्यंत खेळ बंद, म्हणून यशू भिंतीवरच चेंडू मारत राहिली.
संध्याकाळी मिलिंदनं सांगितलं, पुण्याच्या अकादमीनं यशूला घेतलंय. राहणं तिथंच. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं. पोरगी त्याची, पण म्हणतो, "ताई, तू म्हणशील तसं. आपल्यात टेनिस तुलाच कळतं." ओझं माझ्या डोक्यावर, वर मान दिल्याचा आव. धाकटे भाऊ असेच.
यशू दहा वर्षांची आहे. अजून बुटाची नाडी सुटली की माझ्यापुढे पाय करते.

५ फेब्रु., गुरुवार
सारवलेल्या कोर्टावर चेंडू उठत नाही. टप्पा पडला की जमिनीलगत सरपटत येतो. इथं शिकणारा आपोआप गुडघ्यात वाकतो, खालून कापून मारतो. दिसायला फार देखणं. मी तशीच शिकले. नंतर लाल माती, सिमेंट, गवत, सगळ्यावर खेळले. असं कोर्ट कुठं म्हणजे कुठंच भेटलं नाही.
आज यशूला बाजूला बसून नीट पाहिलं. तोच गुडघा, तेच मनगट. रहीमचाचा पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बराबर तुझ्यावानी खेळून राहिली बघ, संघा."
कौतुकानंच म्हणाले बिचारे. मी मात्र घरी येऊन जेवले नाही.

८ फेब्रु., रविवार
बाबा आज यशूची मॅच बघायला आले. गुण अजून जुन्याच पद्धतीनं मोजतात. पंधरा-पूज्य, तीस-पूज्य. माझ्या वेळीही असंच मोठ्यानं मोजायचे आणि मी लाजेनं मरायची. आज हसू आलं.
मी बारा वर्षांची असताना मला हैदराबादच्या अकादमीत पाठवलं. गाडी सुटेपर्यंत बाबा प्लॅटफॉर्मवर नव्हतेच, पाण्याची बाटली आणायला गेले ते गेलेच. आता कळतं की त्यांना उभं राहवलं नसेल.
हैद.ला पहिल्याच दिवशी कोचनं खांद्याएवढ्या उंचीवर चेंडू टाकला. मी बॅकहँड मारला तो थेट जाळीत. दुसरा, तिसरा, सगळे जाळीत. मग वर्षानुवर्षं तेच, उंच चेंडू, उंच चेंडू. हात तोवर घट्ट झाला होता. थोडा सुधारला, बदलला नाही.
पोटापाण्यापुरतं खेळले पुढे. बँकॉक, कैरो, ताश्कंद. स्वस्त हॉटेल, सोबत तांदूळ आणि छोटा कुकर. ताश्कंदला पहिला सेट सहज घेतला. मग समोरच्या पोरीनं उंच चेंडू टाकायला सुरुवात केली, डाव्या खांद्यावर, एकामागून एक. तिनं माझं हिंगोली ओळखलं. त्या दिवसानंतर सगळ्याच ओळखायला लागल्या. खांदा गेला म्हणून मी सोडलं असं सगळीकडे सांगते. खांदा नंतर गेला.

९ फेब्रु., सोमवार
मिलिंदशी वाजलं. मी एवढंच म्हटलं, घाई कशाला. तर म्हणे, "काहून घाई न्हाई? तुला पाठवलं म्हणून तर आज जिल्ह्यात नाव हाय तुझं. तुझं काय वाईट झालं, सांग?"
काय सांगू? भिंतीवर कप आहेत, फोटो आहेत. वाईट झालं असं दाखवता येण्यासारखं काहीच नाही.
पण परत येऊन तीन वर्षं झाली तरी या घरात मी पाहुणीच आहे. कविता, त्याची बायको, गुणी आहे, पण मला चहा पाहुण्यांच्या कपातच देते. बायकांत बसून मी "काहून" म्हटलं की त्या हसतात, मी नक्कल करतेय असं वाटतं त्यांना. माझी स्वतःची बोली, आणि मीच तिची नक्कल करते म्हणे. माय गेली तेव्हा तिच्या हातची कोणतीच भाजी मला येत नव्हती. हे कपांच्या शेजारी कुठं टांगू?
"वाईट नाही झालं," म्हणाले आणि उठले.

१३ फेब्रु., शुक्रवार
आज ठरवून यशूला उंच चेंडू दिले. मुद्दाम सिमेंटच्या गच्चीवर नेलं. चेंडू तिच्या कानापर्यंत उठायचा. ती मारेच ना. मागं मागं सरकायची, तो गुडघ्याशी उतरेपर्यंत वाट बघायची, मग झकास कापायची. शेवटी पाठ कठड्याला टेकली.
"अगं, वरच मार की!"
"थांबलं की येतोच की खाली, आत्या."
खूप हसले. मग तिला पाणी आणायला खाली पाठवलं आणि रडले. मी हेच केलं आयुष्यभर. चेंडू खाली यायची वाट पाहिली.
एक मात्र दिसलं. तिचं मनगट अजून सैल आहे. वर्षभरात नाही राहणार. जायचं तर आत्ताच. आणि आत्ता म्हणजे दहाव्या वर्षी.

१५ फेब्रु., रविवार
महाशिवरात्र. औंढ्याच्या यात्रेमुळे रस्त्यावर गाड्याच गाड्या. आमच्या घरी त्याचं काही नाही, पण क्लब बंद म्हणून सगळे घरात.
बाबा माझ्या खोलीत आले. खुर्ची असून उभेच.
"तव्हा तुला इचारलं न्हाई म्या. माझ्याच मनानं धाडून दिलं. आता इचारून राहिलो. जावं का पोरीनं?"
राग आला. आत्ता? आता मला विचारता? बारा वर्षांची असताना एकदा विचारलं असतं तर... तर काय म्हणाले असते मी? जाते म्हणाले असते. नाचत गेले असते. म्हणजे रागालाही धड जागा नाही.
"हात सुधारायचा तर आत्ता जायला हवं, बाबा," म्हणाले.
"हाताचं न्हाई इचारलं."
मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले नाहीत, गेले.

१८ फेब्रु., बुधवार
कविता म्हणाली, यशू दोन दिवस धड जेवत नाही. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. पण घरात सगळे दार लोटून बोलतात, तेव्हा लेकराला कळतंच.

१९ फेब्रु., गुरुवार
कोर्टावरून येताना यशूनं विचारलंच.
"आत्या, तू परत माझ्याएवढी झाली, तर जाशील का गं?"
"जाईन."
कसं निघालं तोंडातून कुणास ठाऊक. विचारही केला नाही. एवढे दिवस मनात नाही-नाही घोळवतेय, आणि विचारलं तर हे. खोटं नव्हतं. पण ताश्कंदची ती खोली, कुकरमधला भात, फोनवर मायचा आवाज, तेही खोटं नव्हतं. हे दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं?
पुढं म्हणायला तोंड उघडलं तर तिचं ठरूनही गेलं होतं.
"मंग मी जाते. पण तू चल माझ्यासंगं. तिथं राहायला."
मी थांबले. इतक्या वर्षांत हे कुणाच्याही मनात आलं नव्हतं. माझ्यासोबत कुणी राहायला यावं असं तेव्हा बाबांना सुचलं नाही, मायला नाही, मलासुद्धा नाही. पण आत्ता कुठं पुन्हा इथली व्हायला लागलेय. चहाचा कप बदलायचाय अजून.
"बघू," म्हणाले.
यशूचा चेहरा पडला. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे तिलाही माहीत आहे. पण मी त्या अर्थानं म्हटलं नव्हतं.